टॅक्स शून्य, तरी रिटर्न भरायचं: ठाणे-नवी मुंबईत नव्याने कमावायला लागलेल्यांसाठी

गेल्या जुलैत कळव्याचा एक मुलगा आमच्या सोसायटीच्या ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसला. महाप्याला एका कंपनीत लागून त्याला वर्ष उलटून गेलं होतं. म्हणाला, "काका, पगार पस्तीस हजार ठरलाय, पण खात्यात साडेएकतीसच येतात. साडेतीन हजार पीएफला जातात ना?" स्लिप मागितली तर स्लिपच नव्हती. नेमणुकीच्या पत्रात त्याचा हुद्दा 'कन्सल्टंट' होता. म्हणजे कंपनीच्या लेखी तो नोकरच नव्हता. त्याला मिळत होती ती फी, आणि फीवर कंपनी दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापत होती. वर्षाचे झाले ४२,००० रुपये. कर किती लागत होता? शून्य. रिटर्न, म्हणजे वर्षाच्या कमाईचा आणि कराचा आयकर खात्याला द्यायचा हिशोब, भरलं नसतं तर ते बेचाळीस हजार सरकारजमाच राहिले असते.

मी सीए नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळून निवृत्त झालो, आणि जून-जुलैचे शनिवार-रविवार असा टेबल मांडून बसतो. येणारे बहुतेक पहिल्या-दुसऱ्या नोकरीतले. कोणी साताऱ्याहून आलेलं, कोणी जळगावहून, घणसोली-कोपरखैरणेला तिघांत एक खोली घेऊन राहणारं. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना आता, मग कशाला भरायचं?" हा लेख त्या वाक्यासाठी आहे. आकडे सगळे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाच्या कमाईचे, म्हणजे यंदा जे रिटर्न भरायचं त्याचे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण यंदाचं रिटर्न जुन्याच, १९६१ च्या कायद्याने भरायचं आहे. तेव्हा गोंधळू नका.

शून्य होतं कसं

बारा लाखांपर्यंत कर माफ, हे अर्धंच खरं. कर मोजायच्या दोन पद्धती आहेत, वजावटींची जुनी आणि कमी दरांची नवी; इथले दर नव्या पद्धतीचे. तिच्यात खरी करमुक्त मर्यादा आहे चार लाख. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारावर १०, बारा ते सोळावर १५, सोळा ते वीसवर २०, वीस ते चोवीसवर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. बारा लाखांवर हिशोब केला तर कर येतो ६०,००० रुपये. तो येतो, आणि मग कलम ८७ए खाली तेवढ्याच रकमेची सूट मिळून पुसला जातो. या सुटीला रिबेट म्हणतात. आधी कर लागतो आणि नंतर सूट मिळते, हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच निघते.

हे कलम काही नवं नाही. २०१३ च्या अर्थसंकल्पात ते आलं तेव्हा सूट होती फक्त दोन हजारांची. २०१९ ला ती साडेबारा हजार झाली, २०२३ ला नव्या पद्धतीत पंचवीस हजार, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्मला सीतारामन यांनी साठ हजार केली. जुन्या पद्धतीत आजही ती साडेबारा हजारच आहे, आणि तीही पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला.

पगारदाराला याशिवाय ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते. पावती नाही, पुरावा नाही, काही नाही. म्हणून पगारदाराची हद्द होते पावणेतेरा लाख. एक हिशोब मांडून दाखवतो. महिना ६२,००० पगार, म्हणजे वर्षाचे ७,४४,०००. त्यातून ७५,००० गेले, उरले ६,६९,०००. चार लाखांवरच्या २,६९,००० वर पाच टक्के, म्हणजे १३,४५० रुपये कर. रिबेट १३,४५०. भरायचा कर शून्य.

दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो. रिबेट म्हणजे सरकार तुमच्या हातात पैसे ठेवतं असं नाही. कर शून्यावर आणला की त्याचं काम संपलं. तेरा हजारांचाच कर असेल तर उरलेले सत्तेचाळीस हजार "माझे" म्हणून मागता येत नाहीत. हातात जे येतं ते रिफंड, आणि ते तुमचेच कापलेले पैसे असतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरणं कायद्याने बंधनकारक आहे, मग रिबेटनंतर कर शून्य का असेना. पगारदारांसाठी शेवटची तारीख ३१ जुलै. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण उशिराची फी लागते: उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००, त्यावर असेल तर ५,०००. वरच्या बासष्ट हजारवाल्याने ऑगस्टमध्ये भरलं तर त्याचा कर शून्य आणि फी पाच हजार. दरवर्षी असे दोन-तीन जण येतात, आणि त्यांना ही फी सांगताना मलाच वाईट वाटतं.

काठावरचे

बारा लाखांच्या जरासं वर गेलात तर एकदम साठ हजार भरावे लागत नाहीत. त्यासाठी सीमांत सवलत आहे: बारा लाखांवर जेवढी रक्कम, त्याहून जास्त कर घेत नाहीत. करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल तर नेहमीच्या दराने कर होतो ६१,५००, पण भरायचा फक्त १०,००० आणि त्यावर चार टक्के सेस (करावरचा कर), एकूण १०,४००. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत ही सवलत चालते.

आता यातली मेख बघा. तुमचा पगार बरोबर पावणेतेरा लाख आहे. कंपनीने कर कापला नाही, तुम्ही निवांत. पण आईने "पोरी, जरा मागे टाक" म्हटलं म्हणून तुम्ही एफडी केलीत आणि तिचं वर्षाचं व्याज आलं २०,०००. ते कंपनीला माहीत नसतं. करपात्र उत्पन्न झालं १२,२०,०००, आणि कर २०,८००. अख्खं व्याज गेलं, वर खिशातले आठशे. काठावर असाल तर बँकेचं व्याज आधी धरा आणि मगच "आपल्याला काही नाही" असं म्हणा.

कागद: थोडेच, पण जुळलेले

पॅन, आधार, बँक खातं आणि फॉर्म १६, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टीडीएस यांचा कंपनीने दिलेला दाखला. एवढंच. पण हे सगळं एकमेकांशी जुळलेलं असावं लागतं, आणि गावाहून आलेल्यांचं नेमकं तिथे अडतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो आधारच्या मोबाइल नंबरपायी. आधार काढलं दहावीला, तेव्हा नंबर दिला वडिलांचा. आता रविवारी सकाळी अकरा वाजता मी लॉग-इन करायला बसलो की ओटीपी जातो पाटण तालुक्यात, आणि वडील असतात शेतावर. "आई, त्यांना हाक मार, मेसेज वाचायला सांग." आई चष्मा शोधते, तोवर ओटीपीची वेळ संपते. एकदा तर चार फोन झाले, पाचव्याला वडिलांनी ओटीपीच्या जागी सिलिंडरच्या बुकिंगचा नंबर वाचून दाखवला. हसलो आम्ही, पण तो रविवार गेलाच. जवळच्या आधार केंद्रात जाऊन आपला नंबर जोडून घ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नको, आताच.

पॅन आधारशी जोडलेलं आहे का तेही आयकर खात्याच्या पोर्टलवर तपासा. पॅन निष्क्रिय असेल तर रिफंड निघत नाही आणि टीडीएसही जास्त दराने कापला जातो.

फॉर्म १६ कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. मेमध्ये घाईने भरायला बसू नका. जानेवारी ते मार्चचा टीडीएस दाखवायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे त्याआधी पोर्टलवरचा आकडा अपुरा दिसतो. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्हीकडून फॉर्म १६ घ्या. जुन्या कंपनीत भांडून निघाला असाल तरी मेल टाका, मागा.

फॉर्म १६ हातात आला की पोर्टलवरून दोन कागद उतरवून घ्या: २६एएस आणि एआयएस. २६एएसमध्ये तुमच्या नावावर कोणी किती टीडीएस जमा केला ते असतं. एआयएस म्हणजे तुमच्या पैशांची जवळजवळ सगळी जंत्री: पगार, बँकेचं व्याज, शेअरची खरेदी-विक्री. पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा मी नेहमी बघतो. "हे त्यांना कसं माहीत?" माहीत असतं. म्हणून रिटर्नमध्ये काय लिहायचं हे आठवणीवर ठेवू नका, एआयएस समोर ठेवून भरा. एखादी नोंद चुकीची वाटली तर तिथेच हरकत नोंदवायची सोय आहे.

टीडीएस स्लिपवर दिसतोय पण २६एएसमध्ये नाही, असंही होतं. कंपनीने कापला पण भरला नाही. लहान कंत्राटदारांकडे हे जास्त आढळतं. अशा वेळी पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा आणि कंपनीला लेखी कळवा. कापून घेतलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं कायदाच सांगतो. पण ते सिद्ध करायला कागद लागतो.

स्लिपवरचे ते दोनशे रुपये

हा इन्कम टॅक्स नव्हे. तो व्यवसाय कर, राज्य सरकारचा. महिना दहा हजारांच्या वर पगार असेल तर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. मात्र एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. हे कितीतरी जणींना माहीत नाही, आणि वाईट म्हणजे काही पगार करणाऱ्यांनाही नाही. घणसोलीची एक मुलगी आली होती, पगार चोवीस हजार, आणि स्लिपवर दर महिन्याला दोनशेची कटिंग. "सगळ्यांचीच होते," म्हणाली. स्लिपवर गोल करून दिला आणि म्हटलं, हे एचआरला दाखव, विचार. पुढच्या पगारापासून कटिंग बंद झाली, मागचेही परत मिळाले. तिच्याबरोबर लाइनवर आणखी सहाजणी होत्या. त्यांचेही.

जुनी पद्धत की नवी, आणि मुलुंड चेकनाका

पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल. नव्या पद्धतीत कर शून्य आहे आणि शून्याहून कमी कर नसतो. जानेवारीत कंपनी भाड्याच्या पावत्या, एलआयसीच्या पावत्या मागते म्हणून धावपळ करू नका. नुसता कर वाचवायला म्हणून कोणी पॉलिसी गळ्यात मारत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. विमा घ्यायचा तर विम्यासाठी घ्या.

त्याच्या वर असाल तर मात्र कागद-पेन घ्या. अठरा लाख पगार धरू. नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाता १७,२५,००० वर कर येतो सेससकट १,५०,८००. आता जुनी पद्धत. सरसकट वजावट ५०,०००, व्यवसाय कराचे २,५००, पीएफ-पीपीएफ मिळून बचतीच्या वजावटीच्या कलम ८०सी चे पूर्ण दीड लाख, सिडकोच्या लॉटरीत लागलेल्या घराच्या कर्जाचं व्याज दोन लाख, मेडिक्लेमचे २५,०००. एवढं सगळं वजा करूनही कर येतो २,३३,२२०. म्हणजे गृहकर्ज असूनसुद्धा नवी पद्धत ८२,४२० रुपयांनी स्वस्त. "घर घेतलंय म्हणजे जुनीच बरी" हे गणित आता जुनं झालं.

जुनी पुढे जाते ती घराचं व्याज आणि घरभाडे भत्ता दोन्ही असतील तेव्हा. पनवेलला स्वतःचं घर, तिथे आई-वडील राहतात, आणि तुम्ही नोकरीच्या सोयीसाठी घोडबंदरला भाड्याने. असे लोक आपल्याकडे खूप आहेत. भत्त्याची सूट तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा असतो: मिळालेला भत्ता, भाडं वजा मूळ पगाराचे दहा टक्के, आणि मूळ पगाराचा ठरावीक हिस्सा. हा हिस्सा मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार शहरांत ५० टक्के धरतात, बाकी सगळीकडे ४०. आणि यात ठाणे नाही, नवी मुंबईही नाही.

म्हणजे गंमत बघा. मूळ पगार महिना ६०,०००, भत्ता ३०,०००, भाडं ३६,०००. मुलुंडला राहिलात तर सूट ३,६०,०००. चेकनाका ओलांडून ठाण्यात आलात की २,८८,०००. ऑफिस बीकेसीत असलं तरी फरक पडत नाही, बघतात ते घर कुठे आहे. वरच्या अठरा लाखांच्या हिशोबात ठाण्याचा भत्ता धरला तर जुन्या पद्धतीचा कर येतो १,४३,३६४. नव्याहून ७,४३६ रुपये कमी. एवढ्या कागदांनंतर एवढी बचत. हेच घर मुलुंडला असतं तर आणखी २२,४६४ वाचले असते. म्हणून काहीजण भाडेकरारावर ठाणे आणि कंपनीच्या फॉर्मवर 'मुंबई' लिहितात. करू नका. पिनकोड लपत नाही.

वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. "पॅन देणार नाही, रोखच द्या" म्हणणारे मालक भरपूर आहेत. खोली घेतानाच विचारा, आणि भाडं बँकेतून द्या.

पगारदाराला पद्धत दरवर्षी रिटर्न भरताना निवडता येते. कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला एक सांगितली म्हणून रिटर्नमध्ये दुसरी घेता येत नाही असं नाही. मात्र जुनी हवी असेल तर ३१ जुलैच्या आत भरलं पाहिजे. उशीर झाला की नवीच.

मोबाइलवर शेअर घेणाऱ्यांनो

ठाणे-वाशी लोकलमध्ये दर चौथ्या मुलाच्या मोबाइलवर तो लाल-हिरवा पडदा उघडा दिसतो, म्हणून हे सांगतो. शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर वीस टक्के हा वेगळा दर आहे, आणि त्या कराला ८७ए चा रिबेट नाही. पगार सात लाख, त्यावर कर शून्य, बरोबर. पण वर्षभराच्या आत घेऊन विकलेल्या शेअरमध्ये ४०,००० सुटले असतील तर त्यावर सेससकट ८,३२० भरावे लागतात, आणि रिटर्नचा फॉर्म लागतो आयटीआर-२. फ्युचर-ऑप्शन खेळत असाल तर तो कायद्याच्या लेखी धंदाच. मग आयटीआर-३ लागतो. तोटा झाला असला तरी तो दाखवावा लागतो. अशांना मी सरळ नौपाड्यातल्या एखाद्या सीएकडे पाठवतो.

प्रत्यक्ष भरताना

पोर्टल एकच: इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. नोंदणी केली की तुमचा पॅन हाच युजर आयडी. आत 'ई-फाइल' मध्ये 'फाइल इन्कम टॅक्स रिटर्न'. वर्ष विचारेल तिथे असेसमेंट इयर २०२६-२७ निवडा. कमाई झाली त्याच्या पुढचं वर्ष असतं ते. ही चूक सगळ्यात जास्त होते.

फॉर्म कुठला? साधा पगार, एखादं घर, बँकेचं व्याज, पन्नास लाखांच्या आत उत्पन्न: आयटीआर-१, म्हणजे सहज. सुरुवातीला सांगितलेल्या कळव्याच्या मुलासारखे 'कन्सल्टंट' असाल तर सहज चालत नाही, कारण तो पगार नाही. ७५,००० ची वजावटही नाही. काम इंजिनिअरिंग, तांत्रिक सल्ला, आयटी अशा ठरलेल्या व्यवसायांत बसत असेल तर आयटीआर-४ भरून निदान निम्मी फी उत्पन्न म्हणून दाखवता येते, हिशोबाच्या वह्या न ठेवता. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त सुटत असेल तर तेवढं दाखवा. तुम्ही पगारदार आहात की कन्सल्टंट हे ओळखायची सोपी खूण म्हणजे २६एएस. तिथे टीडीएससमोर कलम १९२ असेल तर पगार. १९४जे असेल तर फी. १९४सी असेल तर कंत्राट, आणि तिथे कटिंग एक टक्क्याची असते. चुकीचा फॉर्म भरला तर रिटर्न सदोष म्हणून नोटीस येते, आणि दुरुस्तीला पंधरा दिवस मिळतात.

फॉर्म उघडला की बरंचसं आधीच भरलेलं असतं. पुढे-पुढे दाबत जाऊ नका. पगाराचा आकडा फॉर्म १६ शी ताडून बघा. व्याजाचा एआयएसशी. टीडीएसचा २६एएसशी. जुनी पद्धत हवी का, या प्रश्नाला ठरल्याप्रमाणे उत्तर द्या. शेवटच्या पानावर रिबेटची ओळ असते, तिथे ८७ए समोर रक्कम आलीय का बघा. आपोआप येते, पण बघा.

नोकरी बदललेल्यांनी इथे सावध राहायचं. नव्या कंपनीला जुन्या पगाराचा आकडा दिला नसेल तर ती तुम्हाला नव्यानेच कमावायला लागलेले समजते आणि रिबेट धरून काही कापत नाही. सहा महिने इकडे सात लाख, सहा महिने तिकडे साडेसात लाख. नव्या कंपनीच्या लेखी साडेसातच, कर शून्य. तुमच्या लेखी साडेचौदा, कर ८९,७००. त्यातून पहिल्या कंपनीने कापलेलं वजा करून उरलेलं व्याजासकट तुम्हालाच भरायचं. नोकरी धरतानाच मागच्या पगाराचा तपशील नव्या एचआरला द्या.

'रिफंड काढून देतो' म्हणणारा

एमआयडीसीच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर, हल्ली व्हॉट्सॲपवर हा माणूस भेटतोच. "पगाराचा टॅक्स पूर्ण परत मिळवून देतो, वीस टक्के माझे." तो करतो काय, तर खोटं घरभाडं, न घेतलेल्या मेडिक्लेमचा हप्ता, कुठल्या तरी पक्षाला न दिलेली देणगी दाखवतो. पोर्टल हिशोब मानतं, रिफंडही येतो, आणि तो त्याचे वीस टक्के घेऊन जातो. मग नोटीस येते, पण ती तुमच्या नावावर. खोटी माहिती दिल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा बोगस वजावटींविरुद्ध देशभर तपासणी केली. तुमच्याकडून आधी असं कोणी भरून घेतलं असेल तर गप्प बसू नका. सुधारित किंवा अद्ययावत रिटर्न भरून आपणहून कर भरायची वाट उघडी आहे. पासवर्ड मात्र आजच बदला, आणि पोर्टलवर त्या माणसाचा नंबर किंवा ईमेल टाकलेला नाही ना तेही बघा.

सबमिट केल्यानंतर

सबमिट दाबलं म्हणजे झालं असं नाही. तीस दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करायचं असतं, म्हणजे रिटर्न आपलंच असल्याची ऑनलाइन खात्री द्यायची. आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होतं (पुन्हा तो नंबर!). ते राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. लगेच, त्याच बैठकीत करा.

रिफंड असेल तर तो फक्त पोर्टलवर 'व्हॅलिडेट' केलेल्या खात्यात येतो. यात मी स्वतः फसलोय, आणि तेही अकाउंट्समध्ये आयुष्य घालवून. माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आयएफएससी कोड बदलला, आणि पोर्टलवर जुनाच राहिला. रिफंड मंजूर झाल्याचा मेल आला, मी बायकोला सांगूनही टाकलं, आणि पैसे काही येईनात. पोर्टलवर बघितलं तर 'रिफंड फेल्ड'. खातं नव्या कोडने पुन्हा व्हॅलिडेट केलं, 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन 'रिफंड रीइश्यू' ची विनंती टाकली, तेव्हा कुठे पुढे काही आठवड्यांनी जमा झाले. तोवर घरात रोज विचारणा व्हायची, "आले का हो?"

कळव्याच्या मुलाचे बेचाळीस हजार मात्र पहिल्याच फटक्यात आले. त्याचं खातं मी दोनदा तपासलं होतं. यंदा त्याला कंपनीने पगारपत्रकावर घेतलंय, आणि तो फॉर्म १६ घेऊन जूनच्या तिसऱ्या शनिवारी येणार आहे. बरोबर खोलीतले दोघे.